गंजकाकांची बोटं

गंजकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या कडीवरून बोटं फिरवत आणि मग विचारत, "आहात का घरात?" उजव्या हाताची मधली दोन बोटं. कडी, ग्रिल, गॅसची शेगडी, मराठी मंडळाच्या गणपतीमागचा पत्रा, कुणाची सायकल, समोर जे काही लोखंडी किंवा रंगवलेलं असेल त्यावरून ती सावकाश फिरायची, एखाद्या ठिकाणी थांबायची, मागे येऊन पुन्हा तिथंच थांबायची. मग काका मान हलवून म्हणायचे, "सुरुवात झालीय." एवढंच. पण ते दोन शब्द ऐकले की घरचा माणूस रंगाचा डबा शोधायला लागायचा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बंगाली बॅनर्जीबाईंना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण "सुरुवात झालीय" त्यांना पाठ होतं. काका जिन्यात दिसले की त्या आपल्या ग्रिलकडे धास्तावून बघायच्या.

त्यांचं आडनाव पेडणेकर. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातले. इथं बंगालात, गार्डन रीचला, जहाजं बांधायच्या कारखान्यात त्यांनी तीसेक वर्षं रंगाचे इन्स्पेक्टर म्हणून काढली. जहाजाच्या पत्र्यावर रंगाचे किती थर बसले, कुठं फुगा राहिला, कुठं खालचा गंज नीट न खरवडता वरून रंग फासलाय, हे बघायचं आणि पसंत पडलं तरच सही करायची. मोजायला यंत्रं होती, पण काकांचा विश्वास बोटांवर. "डोळ्यांना रंग दिसतो," ते म्हणायचे, "बोटांना रंगाखालचं दिसतं." मंडळातल्या पोरांनी त्यांचं नाव गंजकाका ठेवलं आणि काकूंनीसुद्धा ते हसून मान्य केलं. निवृत्त झाल्यावर गावी जायचं की पुण्याला मुलाकडे, हे ठरेना म्हणून दोघं बालीगंजमध्येच राहिले होते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर ते, दुसऱ्या मजल्यावर आम्ही. त्या अख्ख्या गल्लीत मराठी घरं ही दोनच.

आमचं घर म्हणजे तेव्हा मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी ओवी. मंदारची, माझ्या नवऱ्याची, बँकेनं सिलिगुडीला बदली केलेली. तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा. माझं ऑफिस सॉल्ट लेकच्या पलीकडे. बस, ऑटो आणि पुन्हा ऑटो असं करून जीव जायला लागला, तेव्हा अडतिसाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि गाडी घेतली. माझ्या माहेरी सांगलीला कुणाकडे कधी गाडी नव्हती. गडद निळी, लहानशी. झेंडूची माळ घातलेली ती गाडी अंगणात आली तेव्हा काका पायऱ्या उतरून आले, गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, बोटं टेकवत टेकवत, आणि म्हणाले, "अजून तरी काही नाही."

यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी कुणाला दिलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मला फक्त "अजून तरी" ऐकू आलं.

तिथून माझी काळजी सुरू झाली. आमच्या अंगणावर शेजारच्या घरातलं शिरीषाचं मोठं झाड वाकलेलं आहे. त्याचा चीक पडायचा. कावळे तर त्या झाडावर वस्तीलाच. बोअरिंगच्या पाण्यात इतकं लोह की पांढऱ्या बादलीला आठवड्यात पिवळा रंग चढतो. ऑफिसात खिडकीजवळ बसलेली असताना आभाळ आलं की मला गाडी आठवायची. ऊन पडलं तरी आठवायची. मी मोबाईलवर वाचायला लागले आणि जितकं वाचलं तितकी घाबरले. एक म्हणे मेण लावा, दुसरा म्हणे मेण जुनं झालं, सीलंट लावा, तिसरा म्हणे पहिल्याच महिन्यात सेरामिक कोटिंगचा काचेसारखा थर दिला नाहीत तर रंग गेलाच म्हणून समजा. ऑफिसच्या ड्रायव्हरांचं मत पडलं की रॉकेलचा हात मारावा. बॅनर्जीबाईंनी भांड्यांचा साबण सुचवला. मी सतरा वस्तूंची यादी केली आणि एका संध्याकाळी ती काकांपुढे ठेवली.

काकांनी चष्मा लावून यादी वाचली. "एवढी औषधं?" ते म्हणाले. "आणि पेशंटला झालंय काय?"

"काही होऊ नये म्हणून."

"हां," ते म्हणाले, आणि एकदम गंभीर झाले. "होऊ नये म्हणून असेल तर मी येतो तुझ्याबरोबर."

रविवारी आम्ही मल्लिकबाजारच्या एका दुकानात गेलो. दुकानभर बाटल्या, रंगीबेरंगी, फेसाची आणि चकाकत्या गाड्यांची चित्रं असलेल्या. दुकानदार भला माणूस होता, पण त्याला सेरामिक कोटिंग खपवायचं होतं. "दीदी, एक बार करवा लीजिए," तो म्हणाला, "पाँच साल देखना नहीं पड़ेगा."

काका चमकलेच. "देखना नहीं पड़ेगा? भाई, यही तो बीमारी है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोटिंग वाईट नाही. पण तू बघायचं सोडशील. कावळ्यानं घाण केली तर ती तशीच दोन दिवस राहील, कारण कोटिंग आहे ना! आणि ज्या वस्तूकडे कुणी बघत नाही तिचं काय होतं ते मी जन्मभर बघितलंय."

त्यांनी यादीतल्या तेरा वस्तूंवर काट मारली. उरला तो गाडीचा साधा शाम्पू. भांड्यांचा साबण नको, तो मळाबरोबर वरचं मेणही नेतो. मऊ मायक्रोफायबरची सहा फडकी, त्यातली दोन चाकांसाठी, वेगळ्या रंगाची, म्हणजे चाकाची वाळू बॉनेटवर जायला नको. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. आणि मेणाची एक बाटली. प्रत्येक बाटलीतला थेंब ते अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये घेऊन चोळत आणि डोळे मिटत. दुकानदार कौतुकानं बघत राहिला. शेवटी काकांनी स्वतःसाठी एक बाटली घेतली, त्यांच्या जुन्या स्कूटरच्या काळवंडलेल्या टाकीसाठी. रबिंग कंपाउंड. त्यात वाळूसारखी बारीक खर असते, ती वरचा खराब थर घासून काढते. "हे तुझ्या गाडीच्या जवळपाससुद्धा आणायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "नव्या रंगाला हे म्हणजे विष."

त्यानंतर दर रविवारी सकाळी अंगणात आमची गाडी धुतली जायची. पिण्याचं गोडं पाणी दोन बादल्या वरून खाली आणायचं, कारण बोअरिंगचं चालायचं नाही. आधी नुसतं पाणी ओतून धूळ सोडवायची, मग वरून खाली यायचं, चाकं सगळ्यांत शेवटी. पाणी वाळू द्यायचं नाही, लगेच टिपायचं. मी टिपत असताना काका माझ्या मागून यायचे आणि मी पुसलेल्या जागेवरून बोटं फिरवायचे. काकू खिडकीतून म्हणायच्या, "एवढ्या हळू हातानं यांनी कधी पोराला आंघोळ घातली नाही." एकदा ओवी धावत वर आली आणि मला म्हणाली, "आई, गंजकाका गाडीला आदर करतायत!" बंगालीत आदर करणं म्हणजे लाडानं कुरवाळणं. तिचं मराठी असंच अर्धं बंगालीत बुडवलेलं असायचं. काकांना ते सांगितलं तर ते लाजले, आणि म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते. दोन्ही भाषांत."

सहीबद्दल मात्र ते फार कडक होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदा जेवायची घाई होती म्हणून पत्र्याला हात न लावता कागदावर सही केली होती. वरच्या साहेबांनी ते पाहिलं. ओरडले नाहीत. त्यांनी तो सगळा पत्रा काकांना स्वतः खरवडायला लावला, दोन दिवस, बाकीच्या लोकांच्या देखत. "तेव्हापासून," काका सांगायचे, "सही म्हणजे मी हात लावून बघितलंय, आणि चुकलं तर ते माझं." हे सांगताना त्यांच्या आवाजात अजून घाई आणि भीती असायची, जणू ते साहेब जिन्यात उभे आहेत.

आता मागे वळून बघते तेव्हा जाणवतं की त्या वर्षात मी बरंच काही पाहत होते आणि त्यातलं काहीच मला दिसत नव्हतं. काकू सकाळी दाराशी त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायच्या. मला वाटायचं, म्हातारपणचा लाड. एकदा मंदार आला होता आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे चहा घेत होतो. काकूंनी स्टीलच्या भांड्यांतून चहा दिला, इतका कढत की मंदारनं ते लगेच टिपॉयवर ठेवलं. काका मात्र मुठीत भांडं धरून निवांत बोलत राहिले. काकूंनी घाईनं ते काढून घेतलं तेव्हा त्यांचा तळवा लालभडक झाला होता. "कारखान्याची कातडी आहे," काका हसून म्हणाले. आम्हीही हसलो. आणि एका दुपारी ते अंगणातून घरात गेले, पण त्यांची एक चप्पल पायरीवरच राहिली. पायातून सुटली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. ओवीनं ती नेऊन दिली. त्यानंतर काका घरातसुद्धा मोजे आणि कापडी बूट घालायला लागले. त्यांना साखरेचा त्रास आहे हे मला माहीत होतं. गोळ्या चालू आहेत, असं ते म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

दुर्गापूजा संपली. काकांना कालीपूजेची, म्हणजे इथल्या दिवाळीची, धास्ती होती. फटाक्यांची राख दमट हवेत रंगावर बसली की चिकटून डाग पडतात, म्हणून त्याआधी मेणाचा एक हात द्यायलाच हवा, असं ते रोज मला सांगत होते. मला ऑफिसातून वेळ मिळेना. एके दिवशी मी संध्याकाळी घरी आले तर काकू म्हणाल्या, "तुझी गाडी आज यांनी करून टाकली गं. दुपारभर घासत होते. आता कंबर धरून पडलेत." त्या दिवशी मी ऑटोनं गेले होते. अंगणातल्या पिवळ्या दिव्यात गाडी नेहमीसारखीच दिसली. मी मनात काकांना हात जोडले आणि वर गेले.

सकाळी खाली उतरले तर काका गाडीपुढे उभे होते. ऊन तिरपं बॉनेटवर पडलं होतं आणि त्या उन्हात बॉनेटभर पांढुरकी वर्तुळं दिसत होती, वर्तुळावर वर्तुळ, चवलीएवढी, बशीएवढी. निळा रंग धुरकटून गेला होता. डाव्या कडेला तर तो अगदी मेल्यासारखा दिसत होता.

काकांच्या हातात कंपाउंडची बाटली होती. मेणाची आणि कंपाउंडची बाटली एकाच कंपनीची, एकाच आकाराची, झाकणं सारखी. लेबलांवरची अक्षरं घामानं आणि पाण्यानं पुसट झालेली.

"हे मी केलंय," काका म्हणाले. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. "मी बोटांवर घेऊन बघितलं होतं. बोटांना कळलं नाही."

मी त्यांना धीर द्यायला हवा होता. पण गाडीला चार महिने झाले नव्हते, मंदारला काय सांगायचं हे डोक्यात घुमत होतं, आणि माझ्या तोंडून गेलं, "काका, जमत नव्हतं तर हात कशाला लावलात?"

काकांनी ती बाटली जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि आत गेले.

तीन दिवस त्यांचं दार उघडलं नाही. दूधवाल्याला काकू खिडकीतून पैसे देत होत्या. माझा राग पहिल्या संध्याकाळीच ओसरला होता. उरली होती ती शरम, आणि तिच्याखाली दुसरंच काहीतरी, ज्याला नाव देता येत नव्हतं. मंदारला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पॉलिश करून निघेल ते. तू काकांना काय बोललीस ते सांग आधी." मी सांगितलं.

चौथ्या दिवशी, शनिवारी, मी भांडी विसळत होते. नळाचं पाणी गार होतं, बोटांना झोंबत होतं, आणि एकाएकी मला काकांचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. बोटांना कळलं नाही. ज्या माणसाला जहाजाच्या पत्र्यावरचा केसाएवढा फुगा कळायचा, त्याला वाळूसारखी खर कळली नाही? माझ्या वडिलांना साखर होती. सांगलीच्या डॉक्टरांनी तेव्हा आईला समजावून सांगितलेलं मला आठवलं: संवेदना आधी पायांची जाते, मग हातांची. हातापर्यंत पोचली म्हणजे पायांना जाऊन बरेच दिवस झाले.

चहाचं भांडं आठवलं. पायरीवरची चप्पल आठवली. मग ते कापडी बूट. हात न पुसताच मी खाली धावले.

काकूंनी दार उघडलं. काका पलंगावर बसले होते, अंगावर शाल, पायात मोजे. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

"काका, पाय दाखवा," मी म्हटलं.

"पायांना काय झालंय? दुखत नाहीत."

"म्हणूनच दाखवा."

"गाडीचं जे काही होईल ते मी..."

"गाडी मरू दे, काका! मोजे काढा."

मी त्यांच्याशी इतक्या मोठ्या आवाजात कधी बोलले नव्हते. काकू घाबरून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मीच खाली बसले आणि मोजे काढले. उजवा पाय ठीक होता. डाव्याचा मोजा तळव्याला चिकटला होता. ओढला तेव्हा वास आला. करंगळीच्या खाली, तळव्यात, पत्र्याचा एक त्रिकोणी तुकडा रुतलेला होता, स्कूटरच्या कामातला असावा, आणि त्याच्या भोवतीचं कातडं काळं पडलं होतं. करंगळीही काळी. काकूंनी तोंडावर पदर धरला. काका वाकून आपलाच पाय बघत होते. आपली दोन बोटं त्यांनी त्या जागेवर ठेवली, फिरवली, आणि माझ्याकडे पाहिलं. ना पायाला बोटं कळली होती, ना बोटांना पाय. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली, स्वतःबद्दलची.

टॅक्सीसाठी फोन करत बसायला वेळ नव्हता. ओवीला बॅनर्जीबाईंकडे सोडलं आणि दोघांना गाडीत घातलं. तोवर मी एकटीनं गरियाहाटच्या चौकातून कधी गाडी नेली नव्हती. तिथली शनिवारची गर्दी लांबून बघूनच मी मागे वळायची. त्या दिवशी त्यातूनच जायचं होतं. स्टिअरिंग घामेजल्या हातांतून निसटत होतं. काका शेजारी बसले होते, कपाळ तापलेलं. चौकात एक ऑटो डावीकडून घुसला आणि गाडीच्या दारावर खरर्र असा आवाज झाला.

"काय घासलं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि गाडी पुढे काढली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस झाले?" कुणालाच सांगता येईना. काकू म्हणाल्या, "त्यांनी पाय दाखवलाच नाही," आणि रडायला लागल्या. करंगळी काढावी लागली. आठ दिवस सलाईन, इंजेक्शनं. पहिले तीन दिवस ताप उतरेना आणि बाई सकाळ-संध्याकाळ येऊन फक्त एवढंच म्हणायच्या, "बघू." त्या तीन दिवसांत मुलगा पुण्याहून आला, मंदार सिलिगुडीहून आला, मी ऑफिसातून सुट्टी काढली, आणि आम्ही सगळे त्या एका शब्दावर जगलो. चौथ्या दिवशी ताप उतरला. बाई म्हणाल्या, "अजून दोन दिवस उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत गेलं असतं. कदाचित त्याच्याही वर. तुम्हाला कळलं कसं?"

मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. "मी हिची गाडी खराब केली," ते हिंदीत म्हणाले, "त्यावरून हिला कळलं." बाईंना काही बोध झाला नाही.

घरी आल्यावर मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात झटकला. "तू बोललीस ते खरंच होतं. जमत नव्हतं. मलाच वर्षभर माहीत होतं, पण कबूल कोण करणार? बोटं गेली म्हणजे मी कोण, सांग." मी त्यांच्या पायाखालची उशी सारखी केली. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "रविवारी बॉनेट करू. मी सांगतो, तू हात चालव."

ते अंगणात खुर्चीवर बसले, पाय दुसऱ्या खुर्चीवर, पट्टीत गुंडाळलेला. मंदारकडून त्यांनी अगदी बारीक पॉलिश मागवलं होतं. "आता थेंब बोटावर घे. काय लागतंय?"

"काहीच नाही. गुळगुळीत."

"आता शेजारची ती जुनी बाटली घे. तिचा थेंब. काय लागतंय?"

मी चोळलं. "आता... बारीक रव्यासारखं."

काकांनी डोळे मिटले. "हां. रव्यासारखं. बरोबर आहे." जणू माझ्या बोटांतून ते त्यांच्यापर्यंत पोचत होतं. दोन रविवार लागले. वर्तुळं गेली, डाव्या कडेचा एक पट्टा मात्र तसाच मेलेला राहिला. दारावरचा ऑटोचा ओरखडा त्यांनी पाहिला होता, पण त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज पाय बघायचे, आणि दुसऱ्या कुणीतरी बघायचे. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून मी ऑफिसातून आले की खाली थांबायची, दोन्ही पाय मांडीवर घ्यायची, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवायची आणि "ठीक आहे" म्हणून वर जायची. ओवी शेजारी गृहपाठ करत बसायची.

फाल्गुनात मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता, हे काकांनाही पटलं होतं. हावड्याला मीच सोडायला गेले. डब्यात बसल्यावर काका खिडकीच्या गजांवरून हात फिरवू लागले, अर्ध्यावर थांबले, आणि हात मांडीवर ठेवला. "पोराला वेळ नसतो गं," ते म्हणाले. "आणि सून लाजते. पाय कसे दाखवायचे?"

"मला फोटो पाठवा," मी म्हणाले. बोलून गेले. गाडी सुटायला आली होती.

आणि खरोखर फोटो यायला लागले. रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला, लोकांच्या सुप्रभातच्या गुलाबांमधून, दोन तळवे. आधी उजवा, मग चार बोटांचा डावा. पहिले काही दिवस नुसते अंधुक, मग नातवानं शिकवल्यावर स्वच्छ. मी पोळ्या लाटता लाटता ते मोठे करून कडेकडेनं बघायची आणि लिहायची, "ठीक आहे." पलीकडून यायचं, "पोचलं." बाकी काही नाही. एकदा टाचेवर लाल डाग दिसला. हातातलं लाटणं टाकून मी फोन केला. ऑफिसला उशीर झाला, ओवीची बस चुकली. काकूंचं कुंकू सांडलं होतं आणि काकांचा पाय त्यात पडला होता. काकू फोनवर इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मी मात्र त्या दिवशी दुपारपर्यंत तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

वर्षाहून जास्त हे चाललं. फोटो यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी माझं कामात लक्ष लागत नसे.

परवाच्या श्रावणात एका सकाळी फोटो आला नाही. आठ वाजले, साडेआठ वाजले. मी "काका?" असं लिहिलं. खाली एकच खूण आली, पोचल्याची दुसरी आली नाही. फोन केला, लागेना. ओवीला शाळेत सोडलं, गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि तिथंच बसून राहिले. पावणेदहाला काकूंचा फोन आला.

"झोपेतच गेले गं," त्या म्हणाल्या. "पहाटे कधीतरी. हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर. त्रास नाही झाला काही."

मागे घरात माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी काकूंना हाक मारत होतं. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"मी बघितले हं पाय," त्या म्हणाल्या. "आत्ता, आंघोळ घालायच्या आधी. चष्मा लावून, खिडकीशी, दोन्ही. म्हटलं, तू वाट बघत असशील. कुठं काही नव्हतं गं. स्वच्छ होते."

"ठीक आहे, काकू," मी म्हणाले.